शेषरावच्या रक्तात काय निघालं

सोनाळ्यात आशाबाईला औषधवाली बाई म्हणत. ती काही दवाखान्यात कामाला नव्हती. कपाशीवर फवारायचं औषध किती पाण्यात किती टाकायचं, हे गल्लीतले निम्मे लोक तिला विचारून टाकत, म्हणून ते नाव पडलं. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण बारीक अक्षर वाचायची तिला भारी हौस. बीटीचं बियाणं गावात आलं तेव्हा पाकिटाच्या मागचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ती बहुधा एकटीच. त्या पाकिटासोबत साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची. ती वावराच्या कडेनं पेरा, असं लिहिलेलं असायचं. लोक ती पुडी बांधावर फेकून द्यायचे. आशाबाई दरवर्षी कडेच्या ओळींत ती पेरायची.

शेषराव, तिचा नवरा, हसायचा. "पाकिटावर लिव्हलं म्हून पेरतं काय वं?"

"लिव्हनाऱ्यानं काही इचार करूनच लिव्हलं असन."

साडेतीन एकराचं वावर, एक मुलगी पूनम, ती अकोटला कॉलेजात. शेषराव सेहेचाळीस वर्षांचा, अंगानं वाळका, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. बोलायचा कमी. त्याचा मोठा भाऊ महादेवराव शेजारच्याच घरात राहायचा. दोन्ही घरांचं अंगण एकच. वडील गेल्यावर महादेवरावनंच धाकट्याला वाढवलं होतं, त्यामुळे घरात त्याचा शब्द चालायचा. तो आशाबाईचा भासरा. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण त्याच्यासमोर ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची आणि काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची.

दोन हजार सतराचं ते साल. बोंडं वरून हिरवीगार दिसायची, आणि दाबून फोडली की आत गुलाबी अळी. ज्या बियाण्याला अळी शिवत नाही म्हणून एवढी वर्षं लावलं, त्याच्याच बोंडात अळी वळवळताना पाहून माणसं वावरात मटकन खाली बसत होती. मग फवारण्या सुरू झाल्या. आठवड्याला एक, कुणाच्या वावरात दोन. आणि त्याच सुमारास यवतमाळकडून बातम्या यायला लागल्या, की फवारता फवारता माणसं मेली. रोज टीव्हीवर तेच. गावात कुणाला नुसतं गरगरलं तरी बायका रडायला लागायच्या.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी सकाळी आशाबाईनं औषध कालवलं. कृषी केंद्रवाल्यानं या खेपेला दोन बाटल्या दिल्या होत्या आणि दोन्ही एकत्र मारा म्हणून सांगितलं होतं. तिनं दोन्हींवरचं वाचलं. एकत्र करा असं कुठं लिहिलेलं नव्हतं, करू नका असंही नव्हतं. ती जरा थांबली. मग झाकणानं मोजून दोन्ही औषधं ड्रममध्ये ओतली आणि काठीनं ढवळलं. शेषराव तोंडाला रुमाल बांधून निघाला.

तिसरा पंप संपत आला होता. आशाबाई चार ओळी पलीकडे निंदत होती. पंपाचा आवाज बंद झाला म्हणून तिनं वर पाहिलं, तर नवरा दिसेना. कपाशी त्याच्या छातीएवढी होती. ती धावत गेली. तो उजव्या अंगावर पडला होता, पाठीवर पंप तसाच. डोळे उघडे होते. तो काहीतरी बोलत होता, पण त्यातला एकही शब्द शब्द नव्हता. मग त्याला उलटी झाली.

"पूनमचे बाबा! अवो, काय झालं वो?"

तिच्या ओरडण्यानं आजूबाजूच्या वावरातली माणसं आली. महादेवराव आला. शेषरावच्या कपड्यांना औषधाचा उग्र वास येत होता. "इष लागलं," कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच तेच म्हणायला लागले. शेजारची म्हातारी सोजराबाई मात्र वाकून त्याच्या तोंडाकडं पाहत होती. "अवो, तोंड वाकडं झालं त्याचं. हा हात पाहा, लुळा पडला. लकवा होय हा."

"लकवा म्हाताऱ्याले होते, मावशी," महादेवराव खेकसला. "सरका. गाडी आना बे कोनी!"

जवळच्या मोठ्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात त्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं वास घेतला, यवतमाळच्या बातम्या त्यानंही पाहिल्याच होत्या. नाकात नळी घालून पोट धुतलं, विषावरची इंजेक्शनं दिली. दुपारचे साडेतीन वाजले. शेषराव काही सुधारेना, उलट उजवा पाय ओढून पाहिला तर तोही हलेना. तेव्हा कुठे डॉक्टर म्हणाला, अकोल्याला न्या.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "किती वाजता पडले?"

"धा वाजता," आशाबाई म्हणाली.

"सकाळी दहा?" डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून गेले होते. "बाई, हे विष नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. पक्षाघात. साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं."

आशाबाईला ऐकू आलं, पण आत काही शिरलं नाही. हातात नवऱ्याची चप्पल होती, ती कधी उचलली हेही तिला आठवेना.

पुढचे दोन दिवस तपासण्या झाल्या. रक्तदाब बरोबर. साखर नाही. मानेच्या नसा साफ. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती सरळ. हृदयाची सोनोग्राफीही चांगली. फवारणीच्या विषाची म्हणून एक रक्ताची चाचणी असते, तीही ठीक आली. "मंग गुठळी आली कुठून?" महादेवरावनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. चार-पाच जणांत एकाचं कारण सापडतच नाही."

महादेवराव कॉटच्या पायथ्याशी उभा होता. तो कुणाकडेही न पाहता बोलला, "आमाले माहीत हाय कारन. दोन औषधं एका ड्रमात कालवली. इष रक्तात गेलं, रक्त गोठलं."

कुणी कालवली हे त्यानं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

त्याच दिवशी दुपारी, पूनम चहा आणायला गेलेली असताना, एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आली. डॉ. शाहीन तिचं नाव. ती नागपूरच्या एका संशोधनाच्या कामासाठी इथे रक्ताचे नमुने गोळा करत होती. तिनं समजावून सांगितलं, पण आशाबाईच्या कानात दोनच गोष्टी शिरल्या: "रक्त" आणि "कारणाचा तपास". तपास म्हटल्यावर तिला पोलीसच आठवले. नवऱ्याच्या रक्तात तिच्या हातचं विष सापडतं का, ते पाहायला ही बाई आली आहे, असं तिनं धरलं. तिनं नाही म्हटलं नाही. कागदावर सही केली. ज्या नळीत रक्त घेतलं तिच्यात आधीपासूनच कसलंसं पाणी होतं. तेही तिनं पाहिलं, आणि वाटलं, हे विष ओळखायचं पाणी.

तीन आठवड्यांनी शेषराव घरी आला. काठी धरून, उजवा पाय फरफटत. बोलणं गेलेलं. पाणी हवं असलं तर तो "गाय" म्हणायचा आणि स्वतःच चिडायचा. बघायला येणारी माणसं अंगणात बसायची आणि महादेवराव प्रत्येकाला तेच सांगायचा, दोन औषधं, एक ड्रम. आशाबाई आत चुलीपाशी ऐकायची. गल्लीतल्या बायका आता तिला औषधाचं माप विचारीनात. एकदा उकंडराव नावाचा शेजारी सवयीनं बाटली घेऊन दारात आला, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून तसाच परत गेला.

पण पूनमला सगळ्यात जास्त धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आई बाबांना जेवू घालत नव्हती. भाकरी ती करायची, वरणात कुस्करायची पूनमनं, घास द्यायचा पूनमनं. पूनम कॉलेजला गेली की आई सोजराबाईला बोलवायची. एका दुपारी पूनम चिडली. "बाबा उपाशी बसले व्हते! तू घरातच व्हती ना, आई? काऊन नाही चारलं?"

आशाबाईनं दोन्ही हात पदरात गुंडाळले. "या हातानं नाही, बाई. थे रक्त नेलं ना त्याईनं. त्याचं काय निघते ते निघू दे पयले."

"कोनतं रक्त?"

तेव्हा पूनमला कळलं, की आई चार महिने एका निकालाची वाट पाहत बसली आहे. तिनं दवाखान्याच्या कागदांतून ती सही केलेली प्रत शोधली, वाचली, आणि आईला ओरडून सांगितलं, की यात विषाचं काही नाही, पोलिसांचं काही नाही. आशाबाईनं मान हलवली. तिला पटलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पूनमला डॉ. शाहीनचा फोन आला. वडिलांना घेऊन या. महादेवरावनं गाडी ठरवली आणि तोही बरोबर आला. आशाबाई आदल्या दिवशी अंगावरची बोरमाळ काढून पूनमच्या हाती देत म्हणाली, "मले तिथीच ठेवून घेतलं तं हे तुह्यापाशी राहू दे."

डॉ. शाहीननं सगळ्यांना बसवलं. ती मूळची डोणगावची, मेहकर तालुक्यातली. आशाबाईचा चेहरा पाहून तिनं शहरी मराठी बाजूला ठेवली. "मावशी, कपाशीचं बी पाह्यलं ना तुमी? त्या बीटीत जीन टाकला म्हणतात, ऐकलं?"

"पाकिटावर लिव्हलेलं असते," आशाबाई पुटपुटली.

"तसे जीन आपल्यातही असतात. हजारो. कपाशीच्या पानात जे जीन, तेच फुलात, तेच मुळात. पण पानात काही जागे असतात, फुलात वेगळे जागे असतात. म्हणून पान पान होतं अन् फूल फूल. आता आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या अंगभर फिरतात. कुठं गुठळी झाली, कुठली नस बिघडली, की त्याईले आधी समजते, अन् त्याईच्यातले काही जीन जागे होतात, काही झोपतात. आमी त्या नळीतल्या पाण्यात थे जसेच्या तसे थांबवून ठेवतो, अन् मोजतो. कोनते जागे, कोनते झोपलेले. मानेच्या नसेतून गुठळी आली तर एक तऱ्हा दिसते, हृदयातून आली तर दुसरी."

"मंग इष?" आशाबाईनं विचारलं.

"विष आमी शोधतच नव्हतो. त्याची चाचणी तर तवाच दवाखान्यात झाली. नव्हतं विष. काकांच्या पेशींची तऱ्हा हृदयातून गुठळी आलेल्या माणसांशी जुळते."

आशाबाईनं पूनमकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईकडे. तिला रडू आलं नाही, हायसंही वाटलं नाही. चार महिने तिनं आपल्या हातांकडे खुनी माणसाच्या हातांसारखं पाहिलं होतं, आणि ही पोरगी इतक्या साध्या आवाजात सांगत होती.

"पण मावशी, एक सांगते," डॉ. शाहीन पुढं म्हणाली. "हे अजून संशोधनच आहे. याच्यावरून पक्कं म्हणता येत नाही. हे आकडे आमी सहसा कोनाले सांगतही नाही. तुमच्यासाठी खास परवानगी काढली, कारण यानं इलाज बदलू शकतो. बाहेर एक बाई बसली हाय, तिच्या नवऱ्याचंही रक्त आमी पाह्यलं. त्यात काहीच कळलं नाही. काकांचं हृदय आठ दिवस मशीन लावून पाहू. तवा खरं समजन."

शेषरावच्या छातीला काडेपेटीएवढं यंत्र चिकटवलं. आठ दिवस ते ओलं होऊ द्यायचं नव्हतं. पहिले दोन दिवस पूनमनंच त्याचं अंग पुसलं. तिसऱ्या दिवशी पूनम कॉलेजात असताना आशाबाईनं पाण्याचं गंगाळ ओढलं, फडकं पिळलं आणि त्या यंत्राच्या कडेकडेनं नवऱ्याची छाती पुसायला घेतली. शेषरावनं आपला चांगला हात तिच्या मनगटावर ठेवला.

यंत्र परत दिलं, आणि चार दिवसांनी पुन्हा सगळे अकोल्याला गेले. डॉ. शाहीनबरोबर हृदयाचे एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी लांबलचक कागदी पट्टी टेबलावर पसरली. "हे बघा. पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठोके बिघडले. पन्नास मिनिटं. मग आपोआप सरळ. पुन्हा सातव्या दिवशी. ठोके असे विस्कटले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचतं आणि गोठतं. तिथूनच गुठळी सुटली असणार. आपण पट्टी काढली त्या वेळी ठोके सरळ होते, म्हणून दिसलं नाही." मग ते शेषरावकडे वळले. "तुम्हाला जाणवत नव्हतं का? छातीत फडफड, धडधड?"

चार महिन्यांत शेषरावला थोडे शब्द परत आले होते. त्यानं ओठ हलवले.

"व्हत जाये," तो म्हणाला. मग बराच वेळ धडपडून, "दोन साल. दादाले... दादाले सांगतलं व्हतं."

पूनमनं काकाकडे पाहिलं. महादेवराव दाराशी उभा होता, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो वळला आणि बाहेर गेला.

आशाबाई त्याच्या मागे गेली. पूनमला वाटलं, आई चक्कर येऊन पडेल, म्हणून तीही धावली. बाहेरच्या बाकड्याजवळ आशाबाई भासऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या डोळ्यांत पाहून बोलत होती.

"तुमाले माहीत व्हतं?"

महादेवराव बाकड्यावर बसला. "वावरात एक-दोनदा बसला व्हता तो. म्हणे छातीत पाखरू फडफडते. घरी सांगू नको म्हणे, आशा भिईन. मी वैदूकडून पुडी आनून देली. उतरलं म्हणे. मंग मी इसरलो."

"इसरले?"

"नाही." तो खाली पाहत म्हणाला. "त्या दिवशी तो पडला तवाच आठवलं. पन जर म्हटलं असतं, तं सारे म्हणाले असते, तुले माहीत व्हतं अन् तू पुडी देत बसला. मी भ्यालो. इष म्हटलं की सोपं व्हतं."

"अन् मी?" आशाबाईनं विचारलं. "मी चार महिने त्याईच्या तोंडात घास नाही घातला. मले वाटे, माह्या हातात इष हाय. तुमी अंगनात बसून सांगत राह्यले, अन् तुमाले सारं ठाऊक व्हतं?"

तो रडायला लागला, मोठ्यानं, बाहेर बसलेल्या माणसांसमोर. आशाबाईला त्याची दया आली नाही. संतापही धड येईना. ती आत गेली आणि गोळ्यांचा कागद समजून घ्यायला बसली. रक्त पातळ ठेवायची नवी गोळी होती. रोज एकाच वेळी घ्यायची, आणि महिन्याला अकोल्याला येऊन रक्त तपासायचं. किती घ्यायची, चुकली तर काय करायचं, सोबत कुठलं औषध चालत नाही, हे सगळं तिनं दोनदा विचारलं. मग कागदावरचं बारीक अक्षर स्वतः वाचलं.

त्या रविवारी महादेवरावनं अंगणात माणसं बोलावली आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सोजराबाई म्हणाली, "मी त्याच दिवशी म्हटलं व्हतं, लकवा होय." आशाबाई घरातून बाहेर आलीच नाही. उकंडराव आठ दिवसांनी पुन्हा बाटली घेऊन आला, तर तिनं त्याला माप सांगितलं नाही. "बाटलीवर लिव्हलेलं वाचा, भाऊ," म्हणाली. "अन् दोन एका जागी करू नोका."

पुढच्या हंगामात त्यांनी कपाशी कमी करून तूर वाढवली. शेषरावच्या उजव्या हातात विळा धरण्याइतकी ताकद कधीच आली नाही. बोलणं मात्र पुष्कळ सुधारलं. दर महिन्याला महादेवरावच त्याला मोटारसायकलवर बसवून रक्त तपासायला नेतो. आशाबाईनं त्याला कधी जा म्हटलं नाही, नको जाऊ असंही नाही. पहाटे ती नवऱ्याचा डबा भरून देते, त्यात एका माणसाच्या भाकरी असतात. दवाखान्याच्या झाडाखाली शेषराव त्यातल्या अर्ध्या भावाला देतो आणि स्वतः अर्ध्यावर राहतो. हे तिला ठाऊक आहे, त्यानंच सांगितलं. तरी पुढच्या महिन्यातही ती एकाच माणसाच्या भाकरी बांधते.